नानकटाईचा वाटा

(बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या दिवाळीआधीच्या मेळाव्यात केलेले भाषण)



आज मी नानकटाईवर बोलणार आहे. हसू नका. आपल्या हिशेबाशी तिचा संबंध आहे.

माझे आईवडील ऊसतोडीला जायचे. दसरा झाला की मुकादमाचा निरोप यायचा आणि दिवाळीच्या पणत्या विझतात न विझतात तोच गाडी दारात. त्याआधीच्या आठ दिवसांत आई फराळ उरकायची. लाडू-शेव घरच्या चुलीवर व्हायचे, पण नानकटाईला भट्टी लागते. मग गल्लीतल्या पाच-सहा जणी मिळून मैदा, पिठीसाखर आणि डालडा गोळा करायच्या. तूप कुणाला परवडतंय? साखर आणि डालडा परातीत तळहातानं फेसायचा, पांढरा-हलका होईस्तोवर. हात भरून यायचे. मग मैदा, थोडा रवा, वेलदोडा, चिमूटभर सोडा.

दोघी-तिघी डोक्यावर डबे घेऊन केजला बेकरीत जायच्या. पाव निघाला की भट्टीची धग जरा उतरते, तेव्हा नानकटाईचे पत्रे आत जातात. तोवर बायका बाहेर ओट्यावर बसायच्या. आईला नुसती बसलेली मी तेवढीच पाहिली. कुणी किती उचल घेतली, कोणता मुकादम शिव्या देतो, कुणाला नवऱ्यानं टाकलं, सगळं त्या ओट्यावर कळायचं. मी पाहिलेली बायकांची पहिली बैठक तीच.

घरी आल्यावर वाटे पडायचे. शेजारणींचे, बेकरीवाल्या चाचांच्या घरचा, कारण ईदचा शिरखुर्मा त्यांच्याकडून यायचा. गल्लीत नवऱ्यानं टाकलेली एक मावशी होती, तिच्याकडे कुणी फराळाचं ताट नेत नसे. आई न चुकता न्यायची. उरलेला डबा आजीच्या हवाली, मागं राहणाऱ्या आम्हा भावंडांसाठी. दर बाजाराच्या दिवशी एकेक नानकटाई मिळे. संक्रांतीच्या सुमारास डब्यात चुरा उरायचा, तो मी बोटानं टिपून खायची. आई परतायची ती उन्हं तापल्यावर.

सगळ्यांचे वाटे आईनं केले. स्वतःचा कधी काढला नाही. नानकटाईचा नाही, तसा पैशाचाही नाही.

कोयता म्हणजे नवरा-बायको, दोघं मिळून एक. तिनं मोळ्या बांधायच्या, डोक्यावर वाहायच्या, गाडीपर्यंत न्यायच्या, वर खोपीवर येऊन भाकरी थापायची. उचल मात्र वडिलांच्या अंगठ्यावर. नानकटाईत घातलेली साखर तिच्याच हातच्या उसाची असेल, पण ती दुकानातून उधारीनं यायची!

२०१९ साली बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयं काढण्याची बातमी देशभर गाजली. सरकारी समिती नेमली गेली. ते बोललं जायलाच हवं होतं. पण जिला एक दिवसाचा खाडा परवडत नाही, तिच्या मजुरीचा हिशेब कुणाच्या नावावर असतो, हे किती जणांनी विचारलं? २०२४ च्या जानेवारीत करार झाला, तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला, टनाला २७३ रुपयांचे ३६६ झाले. वाढ लढून मिळाली, चांगलंच झालं. पण वाढलेला पैसा कोयत्याला मिळतो. त्यातला अर्धा बाईच्या हातात पडला का?

म्हणून एवढंच सांगते. यंदा नानकटाई भाजायला जाल तेव्हा ओट्यावर एक वही न्या. एकमेकींना तीन प्रश्न विचारा. उचल किती घेतली? कागदावर नाव कुणाचं? मागच्या हंगामाचं काय फिटलं, काय राहिलं? जिला लिहिता येतं तिनं सगळ्यांचं लिहावं. गाडी येण्याआधी मुकादमापुढं ती वही ठेवायला एकटीनं जायचं नाही, सगळ्यांनी मिळून जायचं.

आणि घरी आल्यावर वाटे कराल तेव्हा शेजारणींचे करा, टाकलेल्या मावशीचा करा, लेकरांचा डबा भरा. पण एक वाटा स्वतःचाही काढा. वाटून खाणं आपल्याला कुणी शिकवायला नको. वाटा मागणं तेवढं शिकायचं राहिलंय.