कडा कोसळतो तेव्हा



नांदेड-लातूरच्या श्रोत्यांपुढे कोसळणाऱ्या कड्यांविषयी बोलावयाचे, तर कोणी म्हणेल, "आमच्याकडे बालाघाटचे डोंगर; असले कडे येथे कोठले?" आक्षेप रास्त आहे. परंतु सह्याद्रीचा काळा पाषाण आणि लातूरच्या विहिरीतला काळा पाषाण हे एकाच कुळातले. म्हणून प्रथम आपण आपल्या विहिरीतच डोकावू.

वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली कठीण दगड. नीट पाहिले तर त्या कठीण दगडातही उभ्या-आडव्या भेगा दिसतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा निवाला, आकसला आणि तडकला. तळे आटल्यावर चिखल तडकतो तसा. विहिरीला पाणी येते तेही पुष्कळदा या भेगांतूनच. ज्याला आपण अभंग समजतो, तो खडक असा मुळातच चिरलेला असतो. एक तुकडा दुसऱ्यावर टेकला आहे, म्हणून तो उभा असतो.

आता कडा घ्या. त्याला एक बाजू उघडी असते, टेकू नसतो. भेगांत पावसाचे पाणी साठते व दोन्ही अंगांना रेटते. तेच पाणी भेगेच्या कडा कुजवून त्यांची माती करते. दगड दाब पुष्कळ सोसतो, ताण मात्र फार थोडा. आणि तो ताणही भेगेच्या टोकाशी एकवटतो. त्यामुळे भेग टोकाकडून पुढे सरकत जाते. दोन भेगांमध्ये अखंड दगडाचे जे सांधे उरलेले असतात, ते एकामागून एक तुटतात. शेवटचा सांधा तुटला की कडा सुटतो, आणि आपण म्हणतो, तो अचानक कोसळला!

सुटल्यावर काय होते? एक टन दगड ५०० मीटर खाली आला, तर त्याच्या पडण्यातली शक्ती एक किलोहून थोड्या अधिक टीएनटी या स्फोटकाइतकी भरते. खाणीत एक टन दगड फोडण्यास सुरुंगाची दारू बहुधा अर्धा किलोही लागत नाही. पडण्याची पुष्कळशी शक्ती घर्षणात खर्च होते हे खरे. तरी उरते तीही खडकाचे पीठ करण्यास पुरते. २९ एप्रिल १९०३ रोजी कॅनडातील फ्रँक गावाजवळ टर्टल पर्वताची एक बाजू निखळली. सुमारे तीन कोटी घनमीटर चुनखडक अवघ्या दीड-दोन मिनिटांत दरीभर पसरला.

अशा ढिगाऱ्यांत एक चमत्कारिक गोष्ट आढळते. मोठमोठे धोंडे वर राहतात, आणि बारीक चुरा आत व तळाशी असतो. आतला एखादा धोंडा शंभर ठिकाणी फुटलेला असतो, पण तुकडे विखुरलेले नसतात. परत जुळवावे तर जुळतील. म्हणजे खडक वाहत असतानाच, चोहोंकडून दाबला जाऊन, जागच्या जागी फुटला. ७ फेब्रुवारी २०२१ रोजी चमोलीत रोंती शिखराचा सुमारे पावणेतीन कोटी घनमीटर खडक व बर्फ असाच सुटला. खडकाचा चुरा झाला, घर्षणाच्या उष्णतेने बर्फ वितळला आणि दोन्हींचा लोंढा नदीतून धावला. दोनशेंवर माणसे गेली.

आपल्या सह्याद्रीत मात्र बहुधा निराळे घडते. माळीण (२०१४), तळिये (२०२१), इर्शाळवाडी (२०२३) येथे कामाचा प्रारंभ पावसानेच केला. शतकानुशतके कुजलेला खडक व माती पाण्याने जड झाली आणि उतारावरून गावांवर आली. तेथे खडक फोडण्याचे काम काळाने आधीच उरकून ठेवले होते.

हाच न्याय आम्हांस किल्लारीला लावावासा वाटतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-उस्मानाबाद भागात हजारो माणसे घरांखाली गेली. भिंती जाडजूड दगडाच्या होत्या. दगड फुटले नाहीत. दगडांमधली माती सुटली. भिंतीच्या दोन अंगांना बांधणारा आरपार दगड नव्हता, म्हणून दोन्ही अंगे दोहोंकडे उघडली आणि माथ्यावरचे मातीचे जड माळवद खाली आले. कड्याची काय, भिंतीची काय, ताकद दगडात जितकी, तितकीच सांध्यात.

हे दिवस विहिरी खोल करण्याचे आहेत, म्हणून दोन शब्द सांगतो. आत उतरण्यापूर्वी मुरमाचा भाग बांधून घ्यावा. काठावर मातीचा ढीग वा यंत्र ठेवू नये. सुरुंगानंतर सैल दगड पहारीने वरूनच काढून टाकावेत. डोंगराच्या पायथ्याशी ज्यांचे आप्त राहतात, त्यांनी त्यांना कळवावे, की उतारावर नवी भेग दिसली, झाडे-खांब कलले, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले, तर पाऊस थांबण्याची वाट न पाहता घर सोडावे. सांधे तुटू लागल्याची ती खूण असते, आणि किती सांधे शिल्लक आहेत हे बाहेरून कोणालाच दिसत नाही.