दिल्लीची सहल आणि नोएडातील स्तंभ
(हीरक महोत्सवी मेळाव्यातील भाषण)



या वर्षी नववीची सहल दिल्लीस न्यावी, असा विचार आहे. दिल्ली म्हटली की कुतुबमिनार, लाल किल्ला आणि पुढे आग्रा, हा क्रम ठरूनच गेलेला. जनपथावर केंद्र सरकारचे पर्यटन माहिती कार्यालय आहे. तेथे जाऊन ‘काय पाहावे?’ एवढेच विचारले, तर हीच यादी हाती पडण्याचा संभव अधिक. त्यात सांगणाऱ्याचा दोष नाही. प्रश्न आपला हवा. ‘उत्तरेत मराठे जेथे लढले, ती स्थळे दोन दिवसांत कशी पाहावीत?’ असे मुलांनीच तेथे विचारावे.

त्यापूर्वी नकाशावर तीन खुणा केलेल्या असाव्यात. पहिली तालकटोऱ्याची. १७३७ च्या मार्चमध्ये पहिले बाजीराव दिल्लीवर चालून गेले, तेव्हा त्यांचा तळ येथे पडला होता. दुसरी पानिपतची, दिल्लीपासून सुमारे ९० किलोमीटरवर. तेथे आधी संग्रहालय पाहावे, मग काला आंब. नाहीतर मुलांना नुसती बाग आणि स्तंभ दिसतो.

तिसरी खूण नोएडाची. सेक्टर ३८ मधील गोल्फच्या मैदानात एक स्तंभ उभा आहे. ११ सप्टेंबर १८०३ रोजी या परिसरात जनरल लेकच्या इंग्रजी फौजेने दौलतराव शिंद्यांच्या कवायती पलटणींचा पराभव केला. शिंद्यांकडील सेनानी लुई बूर्कां हा फ्रेंच. लेकने घोडदळाच्या माघारीचे सोंग केले, पलटणी आपला भक्कम मोर्चा सोडून पुढे सरसावल्या आणि घात झाला. महादजींनी दिल्लीवर बसवलेला अंमल त्या दिवशी संपला. स्तंभ इंग्रजांच्या विजयाचा आहे, हेही मुलांना सांगितलेच पाहिजे. १७६१ च्या पराभवाचा आपण वाक्प्रचार केला. पटपडगंजच्या या पराभवाचे नावही आपल्या घरांत फारसे उच्चारले जात नाही.

अंतराच्या हिशेबाने तालकटोरा आणि नोएडा एकाच दिवशी उरकतील. तरी नोएडा शेवटीच ठेवावे, असे माझे मत आहे. डिझेल थोडे अधिक जाईल, पण काळाचा क्रम मोडणार नाही.

स्तंभ क्लबच्या आवारात असल्याने प्रवेशाची परवानगी आगाऊ, लेखी घ्यावी लागेल. नोएडात नोकरीनिमित्त राहणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी या कामी पुढाकार घ्यावा आणि आपली नावे आजच कार्यालयात नोंदवावीत, ही विनंती.