दूरदेशींचे सोयरे



दोन व्यक्तींची मैत्री आपण नित्य पाहतों; दोन राष्ट्रांचे तह वर्तमानपत्रांत वाचतों. परंतु दोन दूर देशांतील सामान्य माणसांच्या समाजांनीं पन्नास वर्षें एकमेकांचा हात धरून ठेवावा, असें क्वचितच घडतें. अशा एका संबंधाची हकीकत आज मी सांगणार आहें.

इंग्लंडच्या दक्षिणेस मुख्यतः विल्टशायर व डॉर्सेट या परगण्यांत पसरलेला सॉल्सबरी हा अँग्लिकन पंथाचा एक धर्मप्रांत आहे. तेथील प्रार्थनामंदिराचा ४०४ फूट उंचीचा कळस इंग्लंडांत सर्वांत उंच होय. या प्रांतानें सोयरीक जोडली ती नाईलकांठच्या सुदानाशीं.

सुदानावर १८९९ पासून इंग्लंड व मिसर यांचा संयुक्त अंमल होता. १९५६ सालीं देश स्वतंत्र झाला. पण त्यापूर्वींच, १९५५ त, उत्तर व दक्षिण यांच्यांत यादवी पेटली होती. १९६४ सालीं सरकारनें दक्षिणेंतील परदेशी मिशनऱ्यांस घालवून दिलें, आणि तेथील ख्रिस्ती मंडळी स्वतःच्या पायांवर उभी राहिली. १९७२ त अदिस अबाबा येथें तह झाला, त्याच सुमारास हा संबंध जुळला. हा क्रम ध्यानांत घेण्याजोगा आहे. राज्यकर्ता व प्रजा हें नातें संपल्यावर ही मैत्री जडली. म्हणूनच ती बरोबरीची होण्यास जागा राहिली.

पुढें सॉल्सबरींतील गांवोगांवच्या मंडळ्या सुदानांतील एकेका धर्मप्रांताशीं जोडण्यांत आल्या. औषधें, शाळा व धर्मगुरूंचें शिक्षण यांसाठीं साहाय्य गेलें. दोन्हींकडून पाहुणे आले-गेले. एकमेकांसाठीं प्रार्थना होत राहिली. आतां अशा देवघेवींत एक धोका असतो. देणाऱ्याचा हात वर आणि घेणाऱ्याचा खालीं राहतो. मी जन्मभर मास्तरकी केली. दयेनें दिलेली पाटी व आपलेपणानें दिलेली पाटी यांतील भेद लहान मूलही तत्काळ ओळखतें. मग स्वाभिमानी समाज कां ओळखणार नाहीं? सुदानी मंडळींपाशीं पैसा नव्हता. परंतु घरदार गमावूनही न डळमळणारी श्रद्धा होती, आणि ती पाहण्याचा लाभ सुखवस्तु इंग्रजांस झाला.

कारण शांतता टिकली नाहीं. १९८३ पासून २००५ पर्यंत पुन्हां युद्ध झालें. त्यांत सुमारें वीस लक्ष माणसें मेलीं असा अंदाज आहे. ९ जुलै २०११ रोजीं दक्षिण सुदान वेगळा झाला, आणि २०१३ त तेथेंही यादवी माजली. २०१७ सालीं चर्चचेही दोन स्वतंत्र प्रांत झाले. १५ एप्रिल २०२३ रोजीं खार्टूमांत लढाई सुरू झाली. तेथील मुख्य प्रार्थनामंदिर सैनिकांनीं व्यापलें व आर्चबिशप इझीकिएल कोंडो यांस शहर सोडावें लागलें.

त्याच वर्षीं दुसरीही कसोटी आली. फेब्रुवारींत इंग्लंडच्या चर्चसभेनें समलिंगी जोडप्यांसाठीं आशीर्वादाच्या प्रार्थनांस संमति दिली. तेव्हां दक्षिण सुदानचे आर्चबिशप जस्टिन बादी ज्याचे अध्यक्ष होते, त्या आफ्रिका-आशियादि खंडांतील चर्चांच्या संघानें कँटरबरीच्या आर्चबिशपांचें नेतृत्व आपणांस मान्य नाहीं असें जाहीर केलें.

बंदुकीचें भय सोसलेली मैत्री मतभेदही सोसूं शकेल काय? माझ्या मतें, एकमत हा मैत्रीचा पाया नव्हे. जो आपल्याशीं वाद घालतो, तो आपणांस बरोबरीचा मानतो. मिंधा मनुष्य वाद घालीत नाहीं. सुदानी मंडळी इंग्लंडास स्पष्ट नकार देऊं शकली, यांतच त्या सोयरिकीची थोरवी मला दिसते. तो नकार ऐकूनही औषधांची पेटी पूर्वीच्याच आपलेपणानें धाडणें, हें सॉल्सबरीकरांचें कर्तव्य होय.