भाव उतरायच्या आत

(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

माझ्या वर्गातल्या मुला-मुलींनो,

आपण सगळे चाळिशी ओलांडलेले आहोत, तरी आज मी तुम्हाला मुला-मुलींनोच म्हणणार. संयोजकांनी मला ‘अमेरिकेतला अनुभव’ यावर दहा मिनिटं बोलायला सांगितलं आहे. मी बास्केटबॉलवर बोलणार आहे. पी.टी.चे सर पहिल्या रांगेत हसताहेत, कारण खेळाच्या तासाला पोटात दुखतंय असं सांगून लिंबाखाली बसणारी मुलगी त्यांच्या चांगलीच लक्षात आहे.

सर, काय झालं ते सांगते. कंपनीच्या कामासाठी मी तीन वर्षं केंटकी राज्यात लेक्सिंग्टनला होते. तिथल्या विद्यापीठाचा बास्केटबॉल संघ म्हणजे गावाचं दैवत. सामने होतात त्या रप अरेना या बंदिस्त मैदानात वीस हजारांहून जास्त माणसं बसतात, आणि हिवाळ्यात ऑफिसात सोमवारी कोडपेक्षा शनिवारच्या सामन्याची चर्चा जास्त. गप्पांत भाग घेता यावा म्हणून मी बघायला लागले आणि अडकले.

२०१५ च्या हिवाळ्यात सगळ्यांच्या तोंडी एकच नाव होतं, स्काल लाबिसिएर. मूळचा हैती देशातला मुलगा. २०१० च्या भूकंपात तेरा वर्षांचा असताना आई आणि भावासोबत तो घराच्या ढिगाऱ्याखाली काही तास अडकला होता. त्यातून वाचला आणि शिकायला अमेरिकेत आला. उंची सहा फूट अकरा इंच. शाळकरी खेळाडूंना तारे आणि क्रमांक देणारे जाणकार तिथे असतात. त्यांनी त्याला त्या वर्षीच्या साऱ्या देशातल्या मुलांमध्ये अगदी वरच्या क्रमांकांत ठेवलं होतं. दुसऱ्याच सामन्यात त्यानं २६ गुण काढले. माझ्या शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला, ‘हा वर्षभरच आपल्याकडे आहे, डोळे भरून बघून घे.’

वर्षभरच का, ते सांगते. पूर्वी शाळा संपली की थेट एन.बी.ए. या व्यावसायिक स्पर्धेत जाता येत असे. केव्हिन गार्नेट १९९५ मध्ये, कोबी ब्रायंट १९९६ मध्ये आणि लेब्रॉन जेम्स २००३ मध्ये तसेच गेले. २००५ च्या करारानं हे बंद झालं. वय १९ हवं आणि शाळा सोडून एक वर्ष झालेलं हवं. मग हुशार मुलं एक वर्ष विद्यापीठाकडून खेळून निघून जाऊ लागली. त्याला तिथे ‘वन अँड डन’ म्हणतात.

स्कालचं मात्र पुढे काहीतरी बिघडलं. अंगानं किडकिडीत असल्यामुळे विद्यापीठातले दणकट गडी त्याला बास्केटखालून सहज ढकलून देत. आधी पहिल्या पाचांतली जागा गेली, मग आत्मविश्वास. हंगाम संपला तेव्हा त्याची सरासरी एका सामन्याला ६.६ गुण होती. माझा तोच सहकारी आता त्याचं नाव निघालं की नुसता हात झटकायचा.

आणि तरीही वर्ष संपताच स्कालनं जाहीर केलं की तो व्यावसायिक होणार.

मला हे कळेना. परीक्षेत कमी मार्क पडलेल्या मुलानं वरच्या वर्गात जायची घाई का करावी? ऑफिसातले लोक म्हणाले, मूर्ख आहे, अजून एक वर्ष थांबायला हवं होतं.

मी नाशिक जिल्ह्यातली, म्हणून मला हे कांद्याच्या भाषेत समजलं. उन्हाळ कांदा आज लासलगावला नेला तर आजचा भाव मिळतो. चाळीत भरून ठेवला तर दिवाळीपर्यंत भाव चढेलही, किंवा निम्मा कांदा सडेल. ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे तो थांबत नाही, आणि त्याला आपल्याकडे कोणी मूर्ख म्हणत नाही.

त्या मुलांचा हिशोब असाच आहे. दरवर्षी जूनमध्ये एन.बी.ए.चे संघ आळीपाळीनं नवे खेळाडू निवडतात. पहिल्या फेरीत साधारण ३० नावं असतात. त्यांत आलात तर निदान दोन वर्षांच्या पगाराची हमी मिळते, दुसऱ्या फेरीत तशी हमी नाही. संघांच्या मनात शाळेतला तो वरचा क्रमांक अजून ताजा असतो. एक वाईट वर्ष ‘अजून लहान आहे’ म्हणून माफ होतं, दुसरं होत नाही. शिवाय मागून नवी मुलं येतच असतात. पुढच्याच वर्षी केंटकीत स्कालच्या जागी खेळू शकणारा बॅम अडेबायो आला, जो पुढे एन.बी.ए.तला मोठा खेळाडू झाला. स्काल थांबला असता तर कदाचित बाकावर बसला असता. तो गेला आणि २८ व्या क्रमांकावर निवडला गेला, म्हणजे हमीच्या दारातून जेमतेम आत शिरला. फिनिक्सनं निवडून त्याच रात्री त्याला सॅक्रामेंटोला देऊन टाकलं. पहिल्याच हंगामात त्यानं फिनिक्सविरुद्ध एका सामन्यात ३२ गुण काढले. काही वर्षं तो तिथे टिकला. ज्या शिखराचं भाकीत झालं होतं तिथे मात्र पोचला नाही.

यातून ‘थांबावं’ किंवा ‘जावं’ असा एकच धडा निघत नाही. केंटकीचाच डॅनियल ऑर्टन २०१० मध्ये ३.४ ची सरासरी घेऊन गेला, २९ वा निवडला गेला, आणि त्याचा जम कधीच बसला नाही. तिथलाच डेव्हिन बुकर २०१५ मध्ये बाकावरून उतरून दहाची सरासरी घेऊन गेला, १३ वा निवडला गेला, आणि विसाव्या वर्षी त्यानं एका सामन्यात ७० गुण काढले. २०१० च्या तुकडीत अव्वल मानला गेलेला हॅरिसन बार्न्स नॉर्थ कॅरोलायनात दुसरं वर्ष थांबला, सातवा निवडला गेला, आणि २०१५ मध्ये विजेत्या संघात होता.

आता एक सांगते ते माझ्या धंद्यातलं आहे. आम्ही प्रकल्पाच्या पहिल्या दिवशी अंदाज देतो की अमुक महिने लागतील. महिन्याभरात त्या अंदाजाचं वचन होतं, आणि काम लांबलं की चूक काम करणाऱ्याची ठरते. अंदाज चुकला असेल असं कोणी म्हणत नाही. सतरा वर्षांच्या मुलाला दिलेला क्रमांक हाही अंदाजच आहे. शाळेत जो सगळ्यांहून हातभर उंच आहे त्याला काय येत नाही ते शाळेत दिसतच नाही. विद्यापीठात सगळेच उंच, म्हणून तिथे दिसतं. मुलगा तोच असतो. पण सगळे म्हणतात, तो उतरला.

शिवाय ही घाई निव्वळ स्वभावाची नव्हती. विद्यापीठात शिष्यवृत्ती मिळे, पण खेळाचा पैसा घेता येत नसे. सामन्यांवर आणि प्रक्षेपणावर इतरांनी कमवावं आणि मुलानं थांबावं, अशी ती व्यवस्था होती. जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि छबीवर जाहिरातीतून कमवायची परवानगी मिळाली. तेव्हापासून बरीच मुलं विद्यापीठात जास्त थांबू लागली आहेत. पोटापुरतं आज मिळालं की माणूस उद्याचा विचार शांतपणे करतो.

आता तुम्ही विचाराल, याचा आपल्या शाळेशी काय संबंध?

दहावीला मी बोर्डात येणार असं सगळ्यांनी धरलं होतं. तेव्हा गुणवत्ता यादी लागायची, आठवतंय ना? माझे मार्क वाईट नव्हते, गल्लीत पेढे वाटण्याइतके होते. पण यादीत नाव नव्हतं. अकरावी इथेच, आपल्या गावात करायचं ठरलं होतं. मी हट्ट करून पंधरा दिवसांत पुण्याला निघून गेले. गुणपत्रिका आणि दाखला घ्यायला वडील आले. मुलगी महत्त्वाकांक्षी आहे, असं लोक म्हणाले. तुम्हीही म्हणाला होतात. खरं तर मला तोंड लपवायचं होतं. मीही भाव आणखी उतरायच्या आत निघून गेले होते. आजवरच्या एकाही मेळाव्याला मी का आले नाही, याचं कारणही तेच आहे. सुट्टी मिळत नव्हती हे खोटं होतं.

निकालानंतर गणिताच्या बाई आमच्या घरी आल्या होत्या. मी माडीवर होते. आईला म्हटलं, झोपलेय असं सांग. बाई चहा घेऊन गेल्या. त्या काय सांगायला आल्या असतील, याचा विचार मी इतकी वर्षं केला. रागावायला? समजूत काढायला? काल संध्याकाळी धीर करून मी त्यांना विचारलं. त्यांना आठवत होतं. म्हणाल्या, ‘सांगायला काही नव्हते आले गं. तू तीन दिवस दिसली नव्हतीस, म्हणून बघायला आले होते.’

लेक्सिंग्टनमध्ये त्या वर्षी वीस हजार माणसं स्कालकडे बघत होती, आणि मीही त्यांतलीच एक होते. आम्ही सगळे त्याचे गुण मोजत होतो. ढिगाऱ्यातून वाचून आलेला एकोणीस वर्षांचा मुलगा रात्री जेवला का, असं विचारणारं त्याच्याजवळ कोणी होतं का, हा प्रश्न तेव्हा माझ्या मनात आला नव्हता. आज येतो.

आपली मुलं आता दहावी-बारावीत आहेत. आपणही त्यांच्याविषयी अंदाज करतो, आणि करणारच. तो चुकला तर तीन दिवसांनी त्यांच्या खोलीचं दार वाजवायचं, एवढं मी ठरवलं आहे. आणि बाई, त्या दिवशी मी जागी होते.