निरोगी अवयवांचे रक्षण

(ज्ञातीच्या वार्षिक स्नेहसंमेलनात रत्नागिरी येथे केलेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांच्या कौतुकाच्या या प्रसंगी मी कर्करोगाचे नाव काढावे, हे काहींना अप्रस्तुत वाटेल. शिवाय मी वैद्यकशास्त्रातील अधिकारी पुरुष नव्हे; मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक निवृत्त शाळामास्तर आहे. परंतु आजाऱ्याच्या समाचारास ज्या ज्या घरी जाणे झाले, तेथे बहुधा एकच वाक्य कानी आले : “शेक दिला की आतले सगळे करपते, त्यापेक्षा उपचार नकोत.” या समजुतीपायी कोणी उपचारास जातच नाही, तर कोणी ते अर्ध्यावर टाकून मुंबईहून गावी परततो. म्हणून हा विषय मी हाती घेतला आहे.

ही भीती सर्वस्वी निराधार आहे, असे मी म्हणणार नाही. सन १८९५ मध्ये राँटगेन या जर्मन शास्त्रज्ञाने क्ष-किरण शोधून काढले आणि लवकरच त्यांचा कर्करोगावर उपयोग होऊ लागला. त्या काळी किरणांना आवर घालण्याची साधने तुटपुंजी होती व रोगाबरोबर निरोगी शरीरही पोळत असे. आजही किरण जाताना वाटेतील निरोगी पेशींना स्पर्श करतातच. प्रश्न आहे तो त्यांचे रक्षण कसे करावयाचे, हा.

आपण कोकणातली माणसे भाजावळ जाणतो. पेरणीपूर्वी दाढ भाजली म्हणजे तणाचे बी जळते. पण तो विस्तव शेजारच्या आंब्याच्या कलमांत जाऊ नये म्हणून चारी बाजूंनी पालापाचोळा ओढून घेतात आणि हिरवे टहाळे घेऊन माणसे उभी राहतात. किरणोपचारातही नेमके हेच करतात.

प्रथम शरीराचा आतील नकाशा काढून गाठ कोठे व नाजूक अवयव कोठे, हे आखून घेतात. यंत्राच्या तोंडाशी धातूच्या पातळ पट्ट्या असतात. त्या मागेपुढे सरकून किरणांच्या झोताला गाठीचा आकार देतात. किरण निरनिराळ्या दिशांनी सोडल्यामुळे मारा गाठीवर एकवटतो व इतर भागांस थोडथोडाच वाटा येतो. शिवाय संपूर्ण मात्रा एकदम न देता बहुधा आठवड्यातून पाच दिवस थोडीथोडी देतात. मधल्या वेळात निरोगी पेशी आपली झीज बऱ्याच अंशी भरून काढतात. कर्कपेशींना तेवढे साधत नाही. उलट मध्येच मोठा खंड पडला, तर त्या पुन्हा वाढू लागतात. उपचार अर्ध्यावर सोडणे घातक, ते यामुळेच.

आता माझी एक चूक सांगतो. माझ्या धाकट्या बहिणीस गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी मुंबईच्या एका रुग्णालयात शेक चालू होता. रोज पाणी पिऊन, लघवी रोखून या, अशी तेथील सूचना होती. गाडीच्या गर्दीत तिची होणारी कुचंबणा मला पाहवेना. एके दिवशी मीच म्हणालो, “एवढे काय अडले आहे? मोकळी होऊन ये.” त्या दिवशी यंत्रावरील चित्र पाहताच तंत्रज्ञ मुलीने तिला खाली उतरविले आणि बाहेर येऊन मला म्हणाली, “काका, मावशींना पाणी पाजून तासाभराने आणा. मूत्राशय भरलेले असले की आतडी वर सरकतात. ते रिकामे ठेवून शेक दिला, तर तो आतड्यांना बसेल.” चाळीस वर्षे मुलांना शिस्त शिकविणारा मी, त्या मुलीपुढे मान खाली घालून उभा राहिलो. त्यानंतर बहिणीने एकही दिवस चुकविला नाही. आज ती आपल्या घरी नातवंडांत आहे.

आतड्यांचे हे रक्षण केवळ बोलण्यापुरते नाही. टाटा स्मारक रुग्णालयाने २०११ पासून, शस्त्रक्रियेनंतर शेकाची गरज पडलेल्या अशा ३०० स्त्रियांवर दोन पद्धती ताडून पाहिल्या. २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जुन्या पद्धतीत तीन वर्षांत शंभरांतील सुमारे ४२ जणींस आतड्यांचा लक्षणीय त्रास झाला. रोज चित्र पाहून झोताला आकार देण्याच्या नव्या पद्धतीत सुमारे २१ जणींस. आणि रोग काबूत ठेवण्यात नवी पद्धत कोठेही उणी ठरली नाही.

इतर अवयवांचेही असेच. डाव्या स्तनाच्या उपचारात रुग्णास दीर्घ श्वास घेऊन रोखावयास सांगतात. छातीत हवा भरली की हृदय झोतापासून दूर सरते. तोंडाच्या व घशाच्या कर्करोगात लाळग्रंथी वाचविण्याची खटपट असते, कारण त्या गेल्या तर घास गिळणे कठीण होते आणि दात किडतात. म्हणून शेकापूर्वी दात तपासून घ्यावेत आणि तंबाखू कायमची सोडावी. २०२३ मध्ये खारघर येथे टाटा स्मारक केंद्राची प्रोटॉन उपचाराची सोयही सुरू झाली. हे कण ठरावीक खोलीपर्यंत जाऊन थांबतात व पलीकडचा भाग बहुतांशी वाचतो. अर्थात सर्वच रुग्णांना त्याची गरज नसते.

बंधुभगिनींनो, यंत्रे कितीही सुधारली तरी टहाळा घेऊन उभे राहण्याचे काम घरच्या माणसांचेच आहे. दिलेली सूचना तंतोतंत पाळावी. कारण समजले नाही तर विचारावे, माझ्यासारखे आपले शहाणपण चालवू नये. त्रास झाला तर तो डॉक्टरांस सांगावा, गाडी पकडून गावी येऊ नये. आणि ज्ञातीस माझी विनंती अशी की, मुंबईतील बंधूंनी अशा रुग्णास उपचार पुरे होईपर्यंत आपल्या घरी आसरा द्यावा. पुष्कळदा उपचार अर्धवट राहतात ते भीतीने नव्हे, तर राहावयास जागा नाही म्हणून. ती जागा देणे आपल्या हाती आहे.