टेकडीचे ऋण

(पहाटे टेकडीवर धावणाऱ्या पुणेकरांच्या मेळाव्यात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



पुण्याची ओळख सांगताना मुळा-मुठेचे नाव आधी घेतले जाते; परंतु या नगरीला आकार देण्याचे काम नद्यांच्या बरोबरीने टेकड्यांनीही केले आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंचीवर वसलेल्या या शहराच्या ऐन मध्यभागी वेताळ टेकडी सुमारे 800 मीटरपर्यंत मान उंचावून उभी आहे. हनुमान टेकडी, चतुःशृंगी, पर्वती, तळजाई ही तिचीच भावंडे. रामप्रहरी टेकडीवर जाण्याची पुणेकरांची परंपरा जुनी आहे. पूर्वी या वाटांवर कानटोपी घातलेले, हातात काठी घेतलेले आजोबा भेटत. ते आजही भेटतात. मात्र त्यांच्या शेजारून आता धावणाऱ्यांचे घोळके जातात. बँकेतील अधिकारी, संगणक अभियंते, शिक्षिका, गृहिणी, साठी ओलांडलेले निवृत्त कर्मचारी अशी सर्व वयांची मंडळी त्यांत असतात. हे दृश्य आश्वासक आहे. दिवसाचे दहा तास खुर्चीत घालवणारा समाज स्वतःच्या पायांकडे पुन्हा वळत आहे, ही सामान्य गोष्ट नव्हे.

महाराष्ट्राला डोंगरातले धावणे नवे नाही. 1660 च्या जुलैमध्ये, भर पावसाळ्यात, पन्हाळ्याहून विशाळगडाकडे शिवरायांची पालखी घेऊन निघालेल्या मावळ्यांनी रात्रीच्या अंधारात चिखल, ओढे आणि काटेरी जंगल तुडवले. बाजीप्रभूंच्या पराक्रमाचे पोवाडे सर्वांना ठाऊक आहेत. त्या रात्री पालखीचा भोई होऊन धावलेल्या अनामिकांचे पाय मात्र कोणाच्या स्मरणात नसतात. ते पाय कोणत्याही व्यायामशाळेत घडले नव्हते. सह्याद्रीच्या वाटांनीच ते घडवले होते.

अलीकडच्या काळातही डोंगराने आपला गुण दाखवला आहे. नाशिक जिल्ह्यातील सावरपाडा या वनवासी वस्तीतील कविता राऊत डोंगरवाटांवर अनवाणी धावता धावता घडली आणि 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर शर्यतीचे कांस्यपदक घेऊन आली. माणदेशातील मोही गावच्या ललिता बाबरने 2016 मध्ये रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठली आणि दहावा क्रमांक मिळवला. साधनांची वाण असतानाही दम कसा कमावता येतो, याची ही दोन उदाहरणे प्रत्येक घरात मुलांना सांगण्याजोगी आहेत.

टेकडी काय शिकवते?

डांबरी रस्त्यावर प्रत्येक पाऊल मागच्या पावलासारखे पडते. टेकडीवर तसे होत नाही. एक पाऊल दगडावर, दुसरे मुरमावर, तिसरे गवताच्या ठोंबावर पडते. त्यामुळे घोट्याभोवतीचे लहान स्नायू सतत कामाला लागतात, तोल सुधारतो आणि मन जागचे हलत नाही. टेकडीवर धावताना उद्याच्या बैठकीचा विचार करणारा माणूस पुढच्या वळणावर ठेचकाळतो. चित्त एकाग्र करण्याचे याहून स्वस्त साधन शोधून सापडणार नाही!

नवशिक्याची पहिली चूक चढावर होते. दम लागला तरी धावत राहण्यात त्याला पुरुषार्थ वाटतो. वास्तविक तीव्र चढावर मुरलेले धावपटूही चालतात. पाऊल आखूड, शरीर किंचित पुढे आणि श्वास संथ ठेवून केलेली चाल कमी थकवते. खरी परीक्षा उतारावर असते. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार पेलत असतात, त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरणे जड जाते. म्हणून पहिले काही महिने उतार जपून, लहान पावलांनी उतरावा आणि टाच आपटू नये.

टेकडीचा स्वभाव ऋतूप्रमाणे पालटतो. उन्हाळ्यात सुटा मुरूम पायाखालून गोट्यांसारखा घरंगळतो, पावसाळ्यात काळ्या पाषाणावर शेवाळ चढते, तर सखल भागातील माती बुटांना चिकटून पाय मणामणाचे करते. खडकाळ उतारावर फुरसे वा घोणस असू शकते. म्हणून अंधारात विजेरी हवी, दोघा-तिघांची सोबत हवी आणि दिसत नसेल तिथे पाऊल टाकण्याची घाई नको. रात्रभर जागरण करून पहाटे टेकडीवर धाव घेणे हे शौर्य नव्हे, अविचार आहे. धावण्याचा आरंभ आदल्या रात्री वेळेवर झोपण्यापासून होतो.

घेणाऱ्याने देणेही शिकावे

परंतु एवढ्यावरच थांबले तर विषय अर्धाच राहील. ज्या टेकडीकडून आरोग्य घ्यायचे, तिचे स्वतःचे आरोग्य कसे आहे?

पुण्याच्या टेकड्या मुळात विरळ वृक्षांच्या आणि गवताच्या. सालई, मेडशिंगी, धामण ही इथली अस्सल झाडे. पहिल्या पावसानंतर त्यांच्याखाली कंद आणि रानफुले डोके वर काढतात. टेकड्या हिरव्या करण्याच्या सद्हेतूने मागील पिढीत येथे गिरिपुष्प मोठ्या प्रमाणावर लावले गेले. मध्य अमेरिकेतून आलेले हे झाड झपाट्याने वाढते, पण त्याच्या दाटीत गवत आणि गवतावर जगणारे जीव फारसे टिकत नाहीत. हिरवा रंग म्हणजे जंगल नव्हे, हा धडा त्यातून घ्यावयाचा आहे.

धावणाऱ्याचाही वाटा यात असतो. टिटवी उघड्या जमिनीवरच अंडी घालते. पहाटेच्या संधिप्रकाशात रातवा पायवाटेवर बसलेला असतो. रुळलेली वाट सोडून प्रत्येकाने आपली आडवाट काढली, तर ती अंडी चिरडतात, गवताची मुळे उघडी पडतात आणि पुढच्या पावसात त्याच आडवाटेची घळ होते. वळण चुकवून वाचवलेल्या अर्ध्या मिनिटाची किंमत टेकडी अनेक वर्षे मोजते. उन्हाळ्यात वाळल्या गवतात निष्काळजीपणे टाकलेली एक विडी डोंगरउतार जाळण्यास पुरेशी ठरते. तेव्हा एकाच वाटेने जाणे, कचरा परत आणणे, वणव्याची खबर त्वरित देणे, एवढी शिस्त तरी प्रत्येकाने पाळलीच पाहिजे.

याहून मोठे संकट यंत्रांचे आहे. टेकडीच्या काळ्या पाषाणातील भेगांतून आणि मुरमाच्या थरांतून पावसाचे पाणी जमिनीत मुरते. पायथ्याचे झरे आणि विहिरी त्यावर जगतात. टेकडी फोडली की मुरणारे पाणी वाहू लागते. 2013 च्या जूनमध्ये कात्रज बोगद्याजवळ शिंदेवाडी येथे डोंगर फोडलेल्या भागातून लोंढा महामार्गावर आला आणि एक माता आपल्या लेकीसह वाहून गेली. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याने घातलेले थैमान पुणेकर विसरलेले नाहीत. हा ओढाही कात्रजच्या डोंगरातूनच उतरतो. त्या रात्रीच्या पावसात पुणे व परिसरात वीसहून अधिक जणांचा बळी गेला. त्या पुराला ओढ्यावरील अतिक्रमणांसह अनेक कारणे होती; पण वर डोंगराशी केलेला खेळ खाली वस्तीला भोवतो, हे सत्य त्याने अधोरेखित केले.

कायदे नाहीत असे नाही. एकास पाच याहून तीव्र उतारावर बांधकामास मनाई आहे. समाविष्ट 23 गावांतील टेकड्यांवर 978 हेक्टरच्या जैवविविधता उद्यानाच्या आरक्षणाला 2015 मध्ये मान्यता मिळाली. जमीनमालकांच्या मोबदल्याचा प्रश्न मात्र वर्षानुवर्षे रेंगाळला. न्याय्य मोबदला न देता शेतकऱ्याकडून त्यागाची अपेक्षा करणे योग्य नव्हे, हेही तितकेच स्पष्ट सांगितले पाहिजे. वेताळ टेकडीतून जाणाऱ्या बालभारती-पौड फाटा या नियोजित रस्त्याच्या विरोधात 2023 च्या एप्रिलमध्ये नागरिकांनी मोर्चा काढला. वाहतुकीच्या कोंडीने त्रस्त झालेल्यांना तो रस्ता हवासा वाटतो, आणि त्यांची अडचण खोटी नाही. पण रस्ता पुन्हा आखता येतो, पूल दुसरीकडे बांधता येतो. टेकडी पुन्हा घडवता येत नाही. निर्णय करताना हा फरक विसरून चालणार नाही.

यासाठी घोषणांपेक्षा चिकाटी अधिक कामाची आहे. 1966 च्या प्रादेशिक व नगररचना कायद्यानुसार विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाल्यावर नागरिकांना ठरावीक मुदतीत हरकती व सूचना देता येतात. किती धावणाऱ्यांनी तो नकाशा उघडून आपल्या टेकडीवरील रंग पाहिला आहे? रोज पहाटे तासभर धावणाऱ्याला वर्षातून एक दिवस सुनावणीसाठी काढता येणार नाही काय?

शरीर आणि व्रत

1873 मध्ये डेक्कन कॉलेजात दाखल झालेल्या टिळकांनी पहिले वर्ष अभ्यास बाजूला ठेवून तालीम आणि पोहणे यांत घालवले व आपली कृश प्रकृती कणखर केली. मंडालेचा तुरुंगवास सोसण्याचे बळ त्या पायावर उभे होते. 12 जून 1905 रोजी फर्ग्युसन महाविद्यालयामागील टेकडीवर गोपाळ कृष्ण गोखले आणि त्यांचे तीन सहकारी जमले, आणि भारत सेवक समाजाची स्थापना झाली. राजकारणात ही दोन माणसे परस्परांच्या विरुद्ध टोकांना उभी होती. तरीही एकाने शरीर हे कार्याचे साधन मानले, तर दुसऱ्याने देशसेवेचे व्रत घेण्यासाठी हीच टेकडी निवडली.

आज त्याच टेकडीवर पहाटे शेकडो पाय धावतात. घड्याळात किती किलोमीटर भरले, याचा हिशेब प्रत्येकजण ठेवतो. तो जरूर ठेवावा. परंतु आपल्या नातवंडांना धावण्यासाठी ही टेकडी उरेल काय, याचा हिशेबही त्याच वहीत मांडला जावा. टेकडीने निरोगी केलेल्या माणसांनीच टेकडीचा पहारा केला पाहिजे. ते ऋण फेडण्याची सुरुवात उद्या पहाटे, ठरलेल्या वाटेवरून पाऊल ढळू न देता, करता येईल.