जंगलात आघाडीची रेषा नसते



महिलांनी प्रत्यक्ष लढाईत उतरावे की नाही, हा आपल्याकडे बरीच वर्षे चाललेला वाद आहे. त्याची चर्चा दिल्लीत, न्यायालयात आणि दूरचित्रवाणीवर होत असते. आपल्याच राज्याच्या पूर्व टोकाला मात्र या प्रश्नाचे उत्तर वाद संपण्याची वाट न पाहता मिळून गेले. आज मला त्याविषयी बोलायचे आहे.

26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. जिल्ह्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग जंगलाने व्यापलेला. इंद्रावती, पर्लकोटा, पामुलगौतम यांसारख्या नद्या. पावसाळ्यात संपर्क तुटणारी गावे. गोदावरीपलीकडच्या आंध्रातून 1980 च्या सुमारास नक्षलवादी चळवळ या भागात शिरली. तिचा मुकाबला करण्यासाठी 1990 च्या डिसेंबरमध्ये जिल्हा पोलिसांनी साठ जवानांचे खास पथक उभे केले. तेच पुढे सी-सिक्स्टी म्हणून ओळखले जाऊ लागले. या पथकात जिल्ह्यातलेच तरुण होते. त्यांना गोंडी, माडिया येत होती आणि जंगलाच्या वाटा ठाऊक होत्या.

पोलीस दलात महिलांची संख्या वाढली ती 1994 च्या राज्य महिला धोरणानंतर. शासकीय नोकऱ्यांत महिलांना 30 टक्के आरक्षण मिळाले. गडचिरोलीतल्या गावागावांतून मुली भरती झाल्या. अनेक घरांत हा पहिलाच सरकारी पगार असेल.

या मुलींना जंगलातल्या गस्तीवर का न्यावे लागले? याचे एक कारण अगदी साधे आहे. स्त्रीची झडती स्त्रीनेच, सभ्यतेची पूर्ण काळजी घेऊन घ्यावी, असे आपला फौजदारी कायदा सांगतो. सूर्यास्तानंतर स्त्रीला अटक करायची झाल्यास अपवाद म्हणूनच, आणि तीही महिला अधिकाऱ्याकडून, असाही नियम आहे. नक्षलवाद्यांच्या दलममध्ये स्त्रियांचे प्रमाण मोठे होते. गावात शिरल्यावर घरातल्या बायांशी बोलायचे, तर पुरुष पोलिसांपुढे त्या दाराआड जात. तेव्हा पथकात महिला शिपाई असणे ही रोजच्या कामाची गरज होती. कोणाच्या शौर्याची परीक्षा घ्यावी म्हणून त्यांना तिथे पाठवलेले नव्हते.

2009 हे वर्ष गडचिरोली पोलिसांना फार कठीण गेले. 1 फेब्रुवारीला मरकेगावजवळ 15 पोलीस मारले गेले. 8 ऑक्टोबरला लाहेरीजवळ 17. या दोन घटनांच्या मध्ये, 21 मे रोजी, धानोरा तालुक्यात हत्तीगोटा येथे नक्षलवाद्यांनी दबा धरून पोलिसांवर हल्ला केला. त्यात 16 पोलीस मृत्युमुखी पडले. त्या सोळांमध्ये पाच महिला पोलीस होत्या.

श्रोतेहो, या पाचजणींच्या नेमणुकीला कोणी लढाऊ भूमिका म्हटले नव्हते. कागदावर ते पोलिसांचे नेहमीचे काम होते. आघाडी आणि पिछाडी हा भेद जुन्या युद्धातला आहे. समोर शत्रू, मध्ये खंदक, मागे रसद आणि दवाखाना. जंगलात अशी रेषा नसते. भूसुरुंग रस्त्याखाली असतो आणि गोळी झाडामागून येते. ती कामाचा तक्ता पाहून येत नाही.

हाच धडा जगातल्या सर्वांत बलाढ्य लष्करालाही घ्यावा लागला. अमेरिकेने 1994 मध्ये नियम केला होता, की जमिनीवरची प्रत्यक्ष लढाई हे ज्यांचे मुख्य काम, त्या तुकड्यांत महिलांना नेमायचे नाही. त्यानंतर इराक आणि अफगाणिस्तानची युद्धे झाली. महिला सैनिक वाहने चालवत होत्या, जखमींवर उपचार करत होत्या. तरीही शंभरावर महिलांचे प्राण गेले. अखेर 2013 मध्ये तो नियम मागे घेण्यात आला आणि 2015 च्या डिसेंबरमध्ये सर्व लढाऊ पदे महिलांना खुली करण्याचा निर्णय जाहीर झाला.

आपल्या लष्करातही पावले पडली आहेत. 2016 मध्ये हवाई दलात तीन महिला लढाऊ वैमानिक झाल्या. 17 फेब्रुवारी 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने लष्करातील महिला अधिकाऱ्यांना कायमस्वरूपी सेवा आणि नेतृत्वाची पदे मिळण्याचा मार्ग मोकळा केला. 2023 मध्ये तोफखान्यात महिला अधिकारी दाखल झाल्या. 2025 च्या मे महिन्यात पुण्याजवळच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून 17 मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. 2020 चा तो निकाल पायदळ आणि रणगाडा दल यांसारख्या लढाऊ शाखांसाठी मात्र नव्हता.

त्या खटल्यात सरकारतर्फे एक मुद्दा मांडला गेला होता. जवान बहुतांशी ग्रामीण भागातून येतात, महिलांचे नेतृत्व स्वीकारण्याची त्यांच्या मनाची तयारी नाही, असा तो मुद्दा होता. न्यायालयाने तो फेटाळला. मला या ठिकाणी गडचिरोली आठवते. तिथले जवान ग्रामीण भागातलेच. अनेकजण आदिवासी पाड्यांवरचे. त्यांच्याबरोबर महिला शिपायांनी गस्त घातली आणि प्रसंगी त्यांच्यासोबत प्राण दिले. आज सी-सिक्स्टीमध्ये महिला कमांडोही आहेत.

मरण पत्करले म्हणजे सर्व प्रश्न सुटले, असे मला म्हणायचे नाही. शारीरिक क्षमतेच्या कसोट्या असाव्यात आणि त्या कामानुसार ठरवाव्यात. कमी पडणारा पुरुष असो वा स्त्री, त्याला लढाईवर पाठवणे हा त्याच्यावर आणि सोबत्यांवर अन्याय आहे. माझे म्हणणे वेगळे आहे. एखाद्या कामाला लढाऊ म्हणायचे की नाही, यावर गोळीचा धोका ठरत नाही. त्यावर प्रशिक्षण ठरते, शस्त्र ठरते, बढती ठरते. धोका पूर्ण आणि तयारी अर्धी, अशी विभागणी कोणाच्याच वाट्याला येऊ नये. ज्या मुलीला जंगलात पाठवायचे, तिला जंगलातल्या लढाईचे शिक्षण आधी द्यायला हवे. दूरच्या पोलीस मदत केंद्रात तिला राहण्याची नीट सोय आणि स्वच्छतागृह हवे. तिच्या लेकरांची व्यवस्था लागायला हवी.

आज गडचिरोलीचे चित्र पालटते आहे. 1 जानेवारी 2025 रोजी तारक्का ऊर्फ विमला सिडाम हिने मुख्यमंत्र्यांसमोर आत्मसमर्पण केले. तीन दशकांहून अधिक काळ ती त्या चळवळीत होती. ऑक्टोबर 2025 मध्ये चळवळीचा वरिष्ठ नेता, तिचा पती भूपती, साठ साथीदारांसह शरण आला. ज्या जंगलात महिला पोलीस मारल्या गेल्या, त्याच जंगलात बंदूक घेतलेल्या अनेक आदिवासी मुलीही चकमकींत मेल्या. दोन्हीकडच्या घरांनी लेकी गमावल्या आहेत, हे आपण विसरू नये. शरण आलेल्या स्त्रियांना नीट जगता येणे हाही या लढाईचाच भाग आहे.

दरवर्षी 21 ऑक्टोबरला आपण पोलीस स्मृतिदिन पाळतो. कर्तव्यावर मरण आलेल्यांची नावे त्या दिवशी वाचली जातात. येत्या स्मृतिदिनी हत्तीगोट्याच्या त्या पाचजणींची नावे आपण लक्ष देऊन ऐकावीत. आणि महिला लढू शकतील का, असे पुन्हा कोणी विचारले, तर त्याला धानोरा तालुक्याचा रस्ता दाखवावा.